गौरवाच्या आशेवर घरगुती शास्त्राभ्यास कसा घ्यावा

आपल्या मंडळ्यांतील शास्त्राभ्यासांत पापक्षमा, विश्वास, प्रार्थना आणि पवित्र जीवन हे विषय पुन:पुन्हा येतात. परंतु देव आपल्या लोकांना शेवटी कोणत्या अवस्थेला नेणार आहे, हा विषय बहुधा एखाद्या दफनविधीच्या वेळी दोन-चार वाक्यांत उरकला जातो. त्यामुळे पुष्कळ विश्वासणाऱ्यांच्या मनात तारणाचे चित्र अर्धेच राहते. येशूने क्षमा केली आणि मेल्यावर आत्मा स्वर्गात जाईल, एवढ्यावर ते थांबतात. प्रेषितांनी सांगितलेली आशा याहून फार मोठी आहे. जो ख्रिस्ताचा आहे तो ख्रिस्ताच्या येण्याच्या दिवशी शरीरासह उठवला जाईल, पापापासून व मरणापासून कायमचा सुटेल, देवाच्या पुत्रासारखा होईल आणि त्याच्या गौरवाचा भागीदार होईल. धर्मशास्त्रात यालाच गौरवीकरण म्हणतात. घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांत जे शिकवतात, मग ते पाळक असोत, महिला मंडळाच्या भगिनी असोत की तरुण संघाचे सेवक, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. चार आठवडे, दर आठवड्यास एक तास, आणि मुख्य शास्त्रभाग म्हणून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, एवढी तयारी पुरेशी आहे. माझा आग्रह एकच आहे की, हा अभ्यास घरात कोणी आजारी किंवा मृत झाल्यावर सुरू न करता, सर्व काही ठीक चालले असताना घ्यावा. कारण शोकाच्या दिवशी मनुष्याला नवे काही शिकता येत नाही, जे आधी शिकलेले असते तेवढेच त्याला आठवते.

शिकवणाऱ्याची तयारी

पहिल्या सभेपूर्वी संपूर्ण रोमकरांस पत्र एका बैठकीत वाचावे. सोळा अध्याय आहेत. सावकाश वाचले तरी दीड तासाच्या आत होतात. वाचताना हातात पेन्सिल घ्यावी आणि जिथे जिथे ‘गौरव’, ‘वैभव’ किंवा ‘गौरवणे’ असे येईल तिथे खूण करावी. प्रेषित पौलाने हे पत्र इ.स. 57 च्या सुमारास करिंथ येथून लिहिले. रोमच्या मंडळीला तो तोपर्यंत भेटलेला नव्हता, म्हणून त्याने आपली शिकवण पायापासून क्रमाने मांडली. खुणा केलेली पाने उलटून पाहिली की त्या क्रमात दडलेली एक सलग कथा उलगडते. पहिल्या अध्यायात मनुष्यांनी अविनाशी देवाच्या गौरवाची मूर्तींशी अदलाबदल केली (1:23). तिसऱ्या अध्यायात सर्वांनी पाप केले आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले (3:23). पाचव्या अध्यायात, विश्वासाने नीतिमान ठरलेले लोक त्याच गौरवाच्या आशेने उल्लास करू लागले (5:2). आठव्या अध्यायात तो गौरव प्रकट होणार असल्याचे सांगितले आहे (8:18), सृष्टीही त्याच्या स्वातंत्र्यात सहभागी होणार आहे (8:21), आणि शेवटी देवाने ज्यांना नीतिमान ठरवले त्यांचा गौरवही केला (8:30).

हा धागा शिकवणाऱ्याच्या हाती आधी लागला पाहिजे. तिसऱ्या अध्यायातील 23 वे वचन आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून पाठ असते, पण ते आपण केवळ दोषारोप म्हणून म्हणतो आणि त्यात मनुष्याने काय गमावले याकडे लक्ष देत नाही. आठव्या स्तोत्रात दाविदाने म्हटले आहे की, देवाने मनुष्याला गौरव व थोरवी यांनी मंडित केले. इब्री लोकांस पत्राचा लेखक तेच स्तोत्र दुसऱ्या अध्यायात घेतो आणि स्पष्टपणे कबूल करतो की, सर्व काही मनुष्याच्या अधीन झालेले आपल्याला अद्याप दिसत नाही. पण येशू मात्र मरण सोसल्यामुळे गौरव व थोरवी यांनी मंडित झालेला दिसतो, आणि पुष्कळ पुत्रांना गौरवात आणणे हाच देवाचा हेतू आहे. गौरवीकरण हे तारणाला जोडलेले अधिकचे बक्षीस आहे असा समज या दोन भागांच्या वाचनाने दूर होतो. ज्यासाठी मनुष्य निर्माण झाला ते त्याला ख्रिस्तामध्ये परत मिळणे, आणि आदामाला मिळाले होते त्याहून अधिक मिळणे, असा त्याचा अर्थ आहे. मूळ मनुष्याला पाप न करण्याची शक्ती होती, तर गौरवातील मनुष्याला पाप करणेच शक्य राहणार नाही, हा भेद प्राचीन मंडळीचा आचार्य ऑगस्टीन याने पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिला आहे, आणि आजही सभेत तो समजावून सांगण्याजोगा आहे.

पहिली सभा: शेवटापासून सुरुवात

पहिल्या आठवड्यात 8:29-30 ही दोनच वचने घ्यावीत. वहीच्या पानावर किंवा लहान फळ्यावर पाच क्रियापदे एकाखाली एक लिहावीत: आधीच ओळखले, नेमून ठेवले, पाचारण केले, नीतिमान ठरवले, गौरव केला. मग सभेला विचारावे की, यांपैकी कोणत्या गोष्टी आपल्या बाबतीत घडून गेल्या आणि कोणती व्हायची आहे. शेवटची व्हायची आहे हे सर्वांना लगेच कळते. आणि तरीही पौलाने ती झालेली गोष्ट म्हणून लिहिली आहे, हे लक्षात आणून दिले की थोडा वेळ कोणी बोलत नाही. तो वेळ शिकवणाऱ्याने भरून काढू नये. जी गोष्ट देवाने ठरवली ती त्याच्या दृष्टीने इतकी निश्चित आहे की, मधल्या एकाही पायरीवर कोणी गळून पडल्याचे प्रेषित लिहीत नाही. नीतिमान ठरवलेल्यांपैकी काहींचाच गौरव केला, असे तो म्हणत नाही.

येथे पूर्वनियोजनाचा, म्हणजे कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच कसे ठरवले याचा, वाद निघण्याची शक्यता असते. याविषयी भिन्न शिकवण देणाऱ्या कॅल्विनच्या आणि वेस्लीच्या परंपरांतील विश्वासणारे एकाच खोलीत बसलेले असतील तर तो निघतोच. त्यासाठी वेगळी संध्याकाळ देण्याचे वचन द्यावे आणि सभेला 29 व्या वचनाच्या हेतूकडे परत आणावे. आपण पुत्रासारखे व्हावे आणि तो पुष्कळ बंधूंमध्ये ज्येष्ठ व्हावा, असा तो हेतू आहे. गौरवीकरणाची व्याख्या याहून चांगली मला कोठेही आढळली नाही. सोन्याचे रस्ते आणि मोत्यांच्या वेशी या वर्णनांना त्यांची जागा आहे, पण ज्याला ख्रिस्तासारखे व्हायचे नाही त्याला त्या नगरात काहीही आवडणार नाही. सभेच्या शेवटी योहानाच्या पहिल्या पत्रातील 3:2 वाचावे. आपण पुढे काय होऊ ते अजून प्रकट झालेले नाही, असे योहान लिहितो, आणि तरी एक गोष्ट निश्चितपणे सांगतो की, तो प्रकट होईल तेव्हा आपण त्याच्यासारखे होऊ, कारण तो जसा आहे तसा आपण त्याला पाहू. जे प्रकट झालेले नाही त्याविषयी तर्क न लढवण्याची शिस्त शिकवणाऱ्याने या वचनातून स्वतःही घ्यावी.

दुसरी सभा: कण्हणे आणि शरीर

चारही सभांत ही सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिला वेळ कमी पडू देऊ नये. 8:17 पासून 8:27 पर्यंत एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ‘कण्हणे’ कोठे कोठे येते ते शोधावे. तीन ठिकाणी सापडते: सृष्टी कण्हते (22), आत्म्याचे प्रथमफळ मिळालेले विश्वासणारे कण्हतात (23), आणि पवित्र आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो (26). गौरवाविषयीच्या या सर्वांत समृद्ध अध्यायाच्या मध्यभागी इतके कण्हणे का असावे, हा प्रश्न सभेपुढे ठेवावा. जे गौरवाची खात्री बाळगतात ते दुःखाला दुःखच म्हणतात; विश्वास दृढ असेल तर वेदना जाणवणार नाहीत, अशी शिकवण पौलाच्या लेखणीतून कधीही उतरलेली नाही.

18 व्या वचनात पौल म्हणतो की, प्रकट होणाऱ्या गौरवापुढे या काळातील दुःखे काहीच नाहीत. हे वाक्य दुःखी माणसाच्या कानाला कठोर वाटू शकते, म्हणून ते कोणी लिहिले हे सांगणे आवश्यक आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने स्वतःची यादी दिली आहे: यहूद्यांच्या हातून 5 वेळा एकोणचाळीस फटके, 3 वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, 3 वेळा गलबत फुटणे, एक रात्र व एक दिवस समुद्रात. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो आपल्या संकटाला तात्कालिक व हलके म्हणतो आणि गौरवाला सार्वकालिक भार म्हणतो. ज्याच्या पाठीवर हे वण होते त्याने तराजूच्या दोन पारड्यांत दोन्ही गोष्टी ठेवून पाहिल्या आणि मगच हा निर्णय दिला. शिकवणाऱ्याच्या पाठीवर तसे वण नसतील तर त्याने हे वचन पौलाचे म्हणूनच वाचावे, स्वतःचा उपदेश म्हणून सुनावू नये.

त्यानंतर 23 व्या वचनावर थांबावे. आपण कशाची वाट पाहत आहोत, असे विचारले तर बहुतेक जण ‘स्वर्गात जाण्याची’ असे उत्तर देतात. पौल मात्र आपल्या शरीराच्या मुक्ततेची असे लिहितो. शरीर मागे टाकून निघून जाणे त्याच्या डोळ्यांपुढे नाही. मरणाच्या दास्यातून शरीरही सोडवले जाणे, हीच त्याची अपेक्षा आहे. याच्या पुष्टीसाठी फिलिप्पैकरांस 3:20-21 आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, विशेषतः 35 ते 57 ही वचने, वाचून घ्यावीत. पौल तेथे बीजाचा दाखला देतो: जे पेरले जाते तेच उगवते, तरी पेरलेल्या दाण्यात आणि उगवलेल्या रोपात केवढा फरक असतो. नश्वर असे पेरले जाते, अविनाशी असे उठवले जाते. अपमानात पेरले जाते, गौरवात उठवले जाते. अशक्तपणात पेरले जाते, सामर्थ्यात उठवले जाते. तेथील ‘आध्यात्मिक शरीर’ या शब्दांवरून धुक्यासारखे, हाताला न लागणारे काहीतरी, अशी कल्पना होऊ शकते. ती टाळण्यासाठी उठलेल्या येशूकडे पाहावे. त्याने शिष्यांना आपले हातपाय चाचपून पाहण्यास सांगितले आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक 24:39-43); थोमाला त्याच्या हातांतील खुणा दिसल्या; तिबिर्याच्या समुद्राकाठी त्याने कोळशावर मासळी व भाकर तयार ठेवली होती. आपल्या भावी शरीराविषयी बोलताना, त्याच्या शरीराविषयी शास्त्र जे सांगते तेवढे निर्भयपणे सांगावे आणि तिथेच थांबावे.

एका घरच्या सभेत, मधुमेहामुळे गुडघ्याखालचा पाय काढावा लागलेले एक वयस्क गृहस्थ नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसत. फिलिप्पैकरांस पत्रातील ते वचन वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “भाऊ, म्हणजे पाय परत मिळेल?” त्यांच्या पत्नीने त्यांना हळूच गप्प बसण्याची खूण केली, कारण प्रश्न भाबडा आहे असे तिला वाटले. तो मुळीच भाबडा नव्हता. मी ते वचन पुन्हा वाचले: ज्या सामर्थ्याने ख्रिस्त सर्व काही स्वतःच्या अधीन करू शकतो त्याच सामर्थ्याने तो आपले हे दीनावस्थेतील शरीर त्याच्या स्वतःच्या गौरवी शरीरासारखे करील. मग मी म्हणालो, “होय काका, आणि तो पाय पुन्हा कधी दुखणार नाही.” अशा प्रश्नांना लाक्षणिक अर्थाच्या आड लपून उत्तर देऊ नये. ज्याचा देह तुटला आहे त्याला शरीराच्या पुनरुत्थानाचे वचन इतरांपेक्षा अधिक अचूक कळते.

याच सभेत आणखी एक गोष्ट बोलावी. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि जालना या भागांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार व मांग समाजांतून ख्रिस्ताकडे आले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्यांच्या देहांविषयी देवाने काय ठरवले आहे, हे त्यांच्या नातवंडांना आणि पतवंडांना ठाऊक असले पाहिजे. अपमानात पेरले जाते व गौरवात उठवले जाते, हे वाचताना आपल्या आजोबांचे आणि पणजींचे चेहरे डोळ्यांसमोर आणण्यास सभेला सांगावे. परंतु या आशेचा उपयोग आजच्या अन्यायापुढे लोकांना गप्प करण्यासाठी कधीही होऊ देऊ नये. ज्या शरीराला देव गौरव देणार आहे त्याचा आज कोणी अपमान केला तर तो देवाच्या हेतूचा अवमान आहे, आणि तसे उघडपणे म्हणणे आशेच्या विरुद्ध नाही.

सृष्टीविषयीची वचने, 19 ते 22, घाईने ओलांडू नयेत. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात मनुष्यामुळे भूमी शापित झाली आणि काटे व कुसळे उपजली. रोमकरांस पत्रात तीच सृष्टी देवाच्या पुत्रांच्या प्रकट होण्याची मोठ्या उत्कंठेने वाट पाहते. तिच्या वेदनांना पौल प्रसूतिवेदना म्हणतो, म्हणजे त्यांच्या शेवटी जन्म आहे. दुष्काळी भागातील सभेत हे वचन समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत.

तिसरी सभा: येणारे प्रश्न

तिसरा आठवडा प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा, पण तयारीशिवाय बसू नये. पहिला प्रश्न बहुधा असा येतो की, आपण ख्रिस्तासारखे होणार म्हणजे देव होणार की काय, किंवा देवात विलीन होणार काय. ज्या मातीत संतांचे अभंग रोज कानावर पडतात आणि सलोकता, समीपता, सरूपता व सायुज्यता या चार मुक्ती ठाऊक असतात, तिथे हा प्रश्न स्वाभाविक आहे; विचारणाऱ्याला अपराधी वाटू देऊ नये. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो की, मी आपले गौरव दुसऱ्याला देणार नाही. आणि योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू पित्याला म्हणतो की, तू मला दिलेले गौरव मी त्यांना दिले आहे. दोन्ही वचने एकत्र ठेवूनच उत्तर द्यावे. निर्माणकर्ता निर्माणकर्ताच राहतो आणि निर्मित मनुष्य निर्मितच राहतो. पेत्राने आपल्याला ईश्वरी स्वभावाचे भागीदार म्हटले आहे, आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या या वचनावर पश्चिमेपेक्षा पुष्कळ अधिक भर देतात, परंतु देवाचे मूलतत्त्व मनुष्याचे होते असे त्याही मानत नाहीत. येशूची प्रार्थना अशी आहे की, मी जिथे आहे तिथे त्यांनी माझ्याजवळ असावे आणि माझे गौरव पाहावे. पाहणारा आणि ज्याला पाहायचे तो, असे दोघेही तेथे आहेत. प्रीतीचे नाते तेथे पूर्णत्वास जाते, संपत नाही.

दुसरा प्रश्न मृतांविषयीचा असतो: आई-वडील आत्ता कोठे आहेत? देहापासून दूर होऊन प्रभूजवळ राहणे (2 करिंथ. 5:8), येथून निघून ख्रिस्ताजवळ असणे हे अधिक चांगले (फिलिप्पै. 1:23), आणि ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वधस्तंभावरील चोराला येशूने दिलेले वचन, एवढे स्पष्टपणे सांगता येते. तथापि त्यांचेही गौरव अद्याप पूर्ण झालेले नाही, कारण त्यांची शरीरे उठवलेली नाहीत, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे जीवही “कोठपर्यंत?” असे विचारतात. 1647 साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट शिकवणीच्या एका जुन्या प्रश्नोत्तरी पुस्तिकेत, हे दोन टप्पे, मृत्यूच्या वेळचा आणि पुनरुत्थानाच्या दिवशीचा, लागोपाठच्या दोन उत्तरांत वेगळे मांडले आहेत, आणि कबरेत असलेली शरीरेही ख्रिस्ताशी जोडलेलीच असतात असे तेथे म्हटले आहे. कॅथलिक बंधू-भगिनी सभेत असतील तर मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणाविषयी आपल्या शिकवणीत भेद आहे हे सौजन्याने सांगावे. देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन मात्र प्रेषितांच्या विश्वासांगीकारात दोघेही एकमुखाने म्हणतात.

ज्यांच्या आप्तांचे दहन झाले, किंवा ज्यांचे प्रेत सापडलेच नाही, त्यांची चिंता थोडक्यात दूर करावी: शरीर देणारा देव आहे (1 करिंथ. 15:38), आणि त्याच्यापुढे मातीत व राखेत भेद नाही. आपण एकमेकांना ओळखू काय, यावर, उठवलेल्या मृतांबरोबर आपणही ‘त्यांच्यासह’ प्रभूला भेटायला घेतले जाऊ, असे थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिलेले शब्द पुरेसे आहेत. पुन्हा भेट होणार नसती तर त्या शब्दांत सांत्वन उरले नसते. हजार वर्षांच्या राज्याचा क्रम, येण्याची चिन्हे आणि तारखांची गणिते या सभेत घेऊ नयेत.

सर्वांत कठीण प्रश्न पहिल्या पिढीतील विश्वासणारे विचारतात, आणि कधी कधी सभा संपल्यावर चपला घालताना विचारतात: ख्रिस्ताचे नाव न घेता गेलेल्या माझ्या आईचे काय? अशा वेळी शास्त्राच्या मर्यादेबाहेर जाऊन आश्वासन देऊ नये, आणि न्यायाधीशाच्या आसनावरही बसू नये. तारण ख्रिस्तामध्येच आहे हे आपण लपवत नाही. परंतु कोणत्याही मनुष्याच्या अंतःकरणातील अखेरचे विचार आपल्याला दिसलेले नाहीत, आणि अब्राहामाने देवापुढे उभे राहून म्हटले त्याप्रमाणे, सर्व पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेच करील. एवढे बोलून त्या व्यक्तीसोबत बसावे, घाईने घरी जाऊ नये.

चौथी सभा: आजचे जगणे

शेवटच्या सभेत ही आशा आजच्या आयुष्याशी जोडावी. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील 3:18 प्रमाणे, प्रभूचे गौरव पाहत असता आपले रूपांतर आताच होत आहे. म्हणजे जे त्या दिवशी पूर्ण होईल त्याचा आरंभ झालेला आहे. योहानही आपल्या पहिल्या पत्रात, आधी वाचलेल्या वचनानंतर लगेच, 3:3 मध्ये सांगतो की, ज्याला ही आशा आहे तो स्वतःला शुद्ध करतो. सभेतील प्रत्येकाने आपल्या स्वभावातील एक गोष्ट, उदाहरणार्थ रागाचे बोलणे किंवा जुने वैर, मनात आणावी आणि त्या दिवशी जी उरणार नाही ती आज सोडण्यासाठी सामर्थ्य मागावे. नावे व कबुल्या मोठ्याने घेण्याचा आग्रह नसावा.

येथे एका चुकीच्या शिकवणीविषयी सावध करणे कर्तव्य आहे. विश्वास असेल तर निरोगी शरीर, धन आणि यश आताच मिळाले पाहिजे, असे सांगणारे उपदेशक पुढच्या दिवसाचे गौरव आज वाटून टाकतात, आणि मग आजारी विश्वासणाऱ्याच्या वाट्याला दोष उरतो. पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारी सोडले होते (2 तीम. 4:20), दुसरा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता, आणि पौलाच्या स्वतःच्या देहातील काटा तीनदा विनवूनही काढला गेला नाही. देव आजही बरे करतो आणि त्यासाठी आपण प्रार्थना करावीच. पण बरा झालेला मनुष्यही पुढे मरतो, म्हणून त्याचीही शेवटची आशा पुनरुत्थान हीच आहे.

शरीराला भविष्य आहे म्हणून शरीराची सेवाही पवित्र आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलणारी सून किंवा कुष्ठरोग्याच्या जखमा धुणारी परिचारिका ज्या देहाला हात लावते तो उठवला जाणार आहे. मंडळीत असे काम करणाऱ्यांना या सभेत नावाने धन्यवाद द्यावेत. त्यांच्या कामाची शास्त्रीय योग्यता त्यांना क्वचितच कोणी सांगितलेली असते. पंडिता रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा 1921 साली वारली. स्वतः आजारी असूनही रमाबाईंनी केडगाव येथे पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांनीही देह ठेवला. छापलेले संपूर्ण पुस्तक त्यांना पाहता आले नाही. प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ नाहीत (1 करिंथ. 15:58), हे वचन समजावताना हा दाखला द्यावा.

सभेची समाप्ती 8:31-39 च्या वाचनाने करावी आणि त्यावर काहीही बोलू नये. पुढच्या रविवारी प्रभुभोजन असेल तर, ‘तो येईपर्यंत’ आपण त्याचे मरण जाहीर करतो (1 करिंथ. 11:26), याची आठवण त्या दिवशी करून द्यावी.

शोकाच्या घरी

अभ्यास संपल्यानंतर कधीतरी त्या गटात मृत्यू येईलच. तेव्हा प्रथम शांत बसावे, मग प्रार्थना करावी आणि नंतर एकच शास्त्रभाग वाचावा. पाच जणांनी पाच वचने वाचण्याची गरज नाही. “रडू नका, ते गौरवात गेले,” असे म्हणू नये. येशू लाजराला काही क्षणांत उठवणार होता, तरी तो कबरेकडे जाताना रडला. पौल थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे सांगत नाही. ज्यांना आशा नाही अशा लोकांप्रमाणे शोक करू नका, असे सांगतो. मूठमाती देताना ज्याने बोलायचे त्याने दहा मिनिटांत आटोपावे, मृताच्या गुणांपेक्षा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयी अधिक बोलावे, आणि या ठिकाणी ठेवलेले हेच शरीर उठवले जाणार आहे, हे साध्या शब्दांत सांगावे. मुले उभी असतील तर त्यांच्याकडे पाहून सांगावे.

त्यानंतर साधारण महिन्याने, येणे-जाणे कमी झालेले असते आणि घर रिकामे वाटू लागते, तेव्हा पुन्हा जावे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सोबत न्यावा आणि तीन भेटींत वाचावा: पहिल्या भेटीत ख्रिस्त उठला आहे हा भाग (1-28), दुसऱ्या भेटीत शरीराविषयीचा (35-49), आणि तिसऱ्या भेटीत मरण विजयात गिळले गेले हा भाग (50-58). कुटुंबातील कोणी मृताविषयी बोलू लागले तर वाचन थांबवून ऐकावे, आणि उरलेला भाग पुढच्या भेटीसाठी ठेवावा.